‘सेट’ची गादी ‘रन’कडे

इंग्रजीत सर्वाधिक अर्थ असलेला शब्द कोणता? या प्रश्नाचे उत्तर अनेक वर्षे ‘सेट’ असे दिले जात असे. १९८९ साली प्रसिद्ध झालेल्या ऑक्सफर्ड इंग्रजी शब्दकोशाच्या दुसऱ्या आवृत्तीत सर्वांत मोठी नोंद याच शब्दाची होती. कोशाच्या तिसऱ्या आवृत्तीसाठी मात्र कोशकार पीटर गिलिव्हर यांनी सुमारे नऊ महिने खपून ‘रन’ या क्रियापदाचे ६४५ अर्थ नोंदविले. २०११ मध्ये ‘सेट’ची गादी अशा रीतीने ‘रन’कडे गेली.

‘रन’ म्हणजे धावणे, हे शाळकरी मुलालाही ठाऊक असते. परंतु इंग्रजीत नदी ‘रन’ होते तेव्हा ती वाहते, नाक गळते, कपड्याचा रंग जातो, तर उमेदवार निवडणूक लढवितो. यंत्रे आली, संगणक आला. त्यांचे चालणेही याच शब्दाने सामावून घेतले.

मराठी माणसाला याचे नवल वाटू नये. आपल्याकडे तहान लागते, ठेच लागते, नोकरी लागते, डोळा लागतो आणि निकालही लागतो. यासाठी आपण कधी कोश उघडत नाही. सोबतचा शब्दच अर्थ सांगतो.

इंग्रजी शिकताना मात्र एका शब्दापुढे एकच अर्थ पाठ करविला जातो आणि विद्यार्थ्याचे नाक गळण्याऐवजी ‘धावू’ लागते. शब्द एकटा न शिकविता त्याच्या सोबत्यांसह शिकविला, तर ६४५ अर्थांचीही धास्ती उरणार नाही.