सिटी कॉलेजच्या मुलांचा विजय आणि त्यांची परीक्षा

गेल्या हिवाळ्यात माझा नातू शाळेच्या बास्केटबॉल संघातून एका मोठ्या सामन्याची तयारी करीत होता. सायंकाळी सराव आटोपून घरी येई, बूट दारातच भिरकावी आणि जेवायला बसल्यावर एकच पालुपद लावी, "आजोबा, त्यांची मुले आमच्यापेक्षा वीतभर उंच आहेत. आम्ही जिंकणार कसे?" त्यास धीर देण्यासाठी मी अमेरिकेतील एका महाविद्यालयीन संघाची हकिकत सांगावयास घेतली. आरंभी वाटले होते, विजयाची गोष्ट सांगून थांबू. परंतु सांगता सांगता ध्यानात आले की, अर्धी गोष्ट सांगणे म्हणजे मुलाची फसवणूक करणे होय. म्हणून ती सबंध सांगितली आणि तशीच आज वाचकांपुढे ठेवीत आहे.

आपल्या वडीलधाऱ्यांपैकी जे मुंबईस भायखळा-नागपाड्याच्या बाजूस राहिले, त्यांस हा खेळ अपरिचित नाही. नागपाड्यातील मुले बास्केटबॉलसाठी नावाजलेली होती व आजही आहेत. इतर बहुतेकांची ओळख मात्र इस्राएलात आल्यावर झाली. ७ एप्रिल १९७७ रोजी बेलग्रेड येथे मक्काबी तेल अवीवने इटलीच्या वारेसे संघास ७८ विरुद्ध ७७ असे एका गुणाने हरवून युरोपचा चषक पटकावला, त्या रात्री ज्यांस या खेळाचे नियमही ठाऊक नव्हते अशा आजीबाई देखील दूरदर्शन संचापुढून हलल्या नाहीत. पण माझी गोष्ट त्याहून सत्तावीस वर्षे आधीची, न्यूयॉर्कमधील आहे.

न्यूयॉर्कच्या हार्लेम भागातील टेकडीवर सिटी कॉलेज उभे आहे. १८४७ साली या संस्थेची स्थापना झाली ती गरिबांच्या मुलांस विनामूल्य उच्च शिक्षण मिळावे या हेतूने, आणि १९७६ पर्यंत तेथे शिकवणीची फी नव्हती. पूर्व युरोपातून आलेल्या यहुदी शिंप्यांची, रंगाऱ्यांची, फेरीवाल्यांची मुले याच दारातून आत शिरली आणि डॉक्टर, वकील, प्राध्यापक होऊन बाहेर पडली. पोलिओची लस शोधणारे डॉ. जोनास साल्क हे येथीलच विद्यार्थी. परक्या देशात उतरलेल्या आईबापांस अशा संस्थेचे मोल काय वाटत असेल, हे आपणांस कोणी समजावून सांगावयास नको.

या कॉलेजच्या बास्केटबॉल संघाचे प्रशिक्षक होते नॅट होल्मन. १८९६ साली न्यूयॉर्कच्या दाट यहुदी वस्तीत जन्मलेले होल्मन स्वतः नामांकित व्यावसायिक खेळाडू होते व १९१९ पासून कॉलेजचा संघ घडवीत होते. १९४९ साली, आपले राज्य अवघे एक वर्षाचे असताना, ते येथे येऊन आपल्या तरुणांस हा खेळ शिकवून गेले. त्यामुळे ही गोष्ट आपणांस अगदीच परकी नव्हे.

१९४९-५० च्या हंगामात होल्मन यांच्या हाती आलेला संघ त्या काळच्या मानाने आगळा होता. एड रोमन, अल रॉथ व कप्तान अर्विन डॅमब्रॉट हे तिघे यहुदी. एड वॉर्नर व फ्लॉइड लेन हे दोघे कृष्णवर्णीय. राखीव खेळाडूंत नॉर्मन मेगर व हर्ब कोहेन ही मुले होती. ज्या दिवसांत अमेरिकेतील कित्येक विद्यापीठे कृष्णवर्णीय मुलास संघात पाऊल ठेवू देत नसत, त्या दिवसांत ही पाच मुले खांद्यास खांदा लावून खेळत होती.

त्यांची उंची बेताची, पण खेळ चपळ. चेंडू हाती आला की तो धरून बसावयाचे नाही. सोबत्याकडे द्यावयाचा आणि तत्क्षणी मोकळ्या जागेकडे धाव घ्यावयाची, ही होल्मन यांची शिकवण. पाचही जण सतत हालते राहिले, तर उंच प्रतिस्पर्ध्यास कोणावर पहारा ठेवावा हेच उमगत नाही. या शिकवणीत शिस्तीचा भाग होल्मन यांचा, तर मुलांशी जिव्हाळ्याने वागून त्यांस घडविण्याचा भाग सहायक प्रशिक्षक बॉबी सँड यांचा होता.

तेव्हा अमेरिकेत महाविद्यालयांच्या दोन राष्ट्रीय स्पर्धा असत. एक निमंत्रितांची, जिला संक्षेपाने एन.आय.टी. म्हणत आणि दुसरी एन.सी.ए.ए. या संघटनेची. सिटी कॉलेजने हंगामात सतरा सामने जिंकले, पाच गमावले व निमंत्रितांच्या यादीत अगदी शेवटी त्यांचा क्रमांक लागला. सर्व सामने मॅडिसन स्क्वेअर गार्डन या भव्य क्रीडागृहात होते. पहिल्या सामन्यात त्यांनी आदल्या वर्षीच्या विजेत्या सॅन फ्रान्सिस्को संघास ६५-४६ असे नमविले. त्यानंतर गाठ होती केंटकीशी.

केंटकीचा संघ १९४८ व १९४९ अशी लागोपाठ दोन वर्षे एन.सी.ए.ए. चा विजेता होता. त्यांचे प्रशिक्षक अॅडॉल्फ रप यांचा दबदबा देशभर होता आणि त्यांच्या संघात एकही कृष्णवर्णीय नव्हता. मध्यभागी उभा राहणारा बिल स्पिव्ही सात फूट उंच! माझ्या नातवाचा प्रश्न या मुलांपुढेही होताच. तयारी झाली ती याच प्रश्नाची. रोमनला दुरून नेम साधत असे. त्याने बाहेर उभे राहावे, म्हणजे स्पिव्हीला टोपलीखालची जागा सोडून बाहेर यावे लागेल आणि मोकळ्या झालेल्या जागेत वॉर्नर शिरेल. उंचीशी उंचीने झुंजावयाचे नाही, उंचीला तिच्या जागेवरून हलवावयाचे, हे त्या डावाचे मर्म होते.

१४ मार्च १९५० रोजी सामना सुरू होण्यापूर्वी सिटी कॉलेजच्या मुलांनी रिवाजाप्रमाणे हात पुढे केला, तेव्हा केंटकीच्या काही खेळाडूंनी कृष्णवर्णीय मुलांचा हात हाती घेतला नाही, असे सांगतात. त्यानंतर जे घडले ते आकडेच बोलतात : सिटी कॉलेज ८९, केंटकी ५०. रप यांच्या संघाचा असा पराभव कोणी पाहिला नव्हता.

पुढे ड्यूकेन संघास ६२-५२ व अंतिम सामन्यात ब्रॅडलीस ६९-६१ असे हरवून १८ मार्च रोजी पहिला मुकुट मिळाला. ब्रॅडली हा त्या वर्षी देशातील पहिल्या क्रमांकाचा मानला गेलेला संघ. लागलीच पाच दिवसांनी दुसरी स्पर्धा. तीत आठच संघ होते. ओहायो स्टेटवर एका गुणाने, ५६-५५, निसटता विजय. नॉर्थ कॅरोलिना स्टेटवर ७८-७३. आणि अंतिम सामन्यात पुन्हा तोच ब्रॅडली!

दहा दिवसांत त्याच प्रतिस्पर्ध्याशी दुसऱ्यांदा गाठ पडणार म्हणजे तयारी दुहेरी अवघड. आपली युक्ती त्यांस कळलेली, त्यांची आपणांस. २८ मार्चच्या रात्री सिटी कॉलेजने बराच वेळ आघाडी राखली. मेगरचे डोके एका टकरीत फुटले, टाके घालून तो पुन्हा मैदानात उतरला. परंतु शेवटच्या मिनिटात ब्रॅडलीने भराभर गुण मिळवून अंतर एकावर आणले आणि त्यांचा चलाख खेळाडू जीन मेल्चिओरी चेंडू हिसकावून टोपलीकडे झेपावला. त्याच क्षणी डॅमब्रॉटने त्याचा नेम अडविला, चेंडू ताब्यात घेतला व दूरवर एकट्या असलेल्या मेगरकडे फेकला. मेगरने तो टोपलीत घातला. ७१-६८! एकाच वर्षी दोन्ही स्पर्धा जिंकणारा सिटी कॉलेज हा इतिहासातील एकमेव संघ ठरला. गरिबांच्या त्या कॉलेजात दुसऱ्या दिवशी उत्सव झाला आणि न्यूयॉर्कच्या कितीतरी घरांत आईबापांनी मुलांस छातीशी धरले असेल.

येथेच थांबलो असतो, तर गोष्ट गोड झाली असती. पण वाचकहो, या मुलांची खरी परीक्षा गार्डनच्या झगमगाटात झालीच नव्हती. ती आधीच, कोणी पाहत नसताना, होऊन गेली होती.

त्या काळी बास्केटबॉलवर मोठा जुगार चाले. कोण जिंकेल यावर नव्हे, तर किती गुणांनी जिंकेल यावर पैज लागे. जुगाऱ्यांचे दलाल खेळाडूंस गाठून म्हणत, "हरा असे आम्ही म्हणतच नाही. जिंका, फक्त थोड्या कमी गुणांनी जिंका!" बोलण्यातली ही खुबी पाहा. मुलाच्या मनास वाटावे, आपण कॉलेजशी कोठे बेइमानी करीत आहो? उन्हाळ्यात ही मुले कॅट्स्किल डोंगरातील यहुदी हॉटेलांत वाढप्याची कामे करीत व पाहुण्यांच्या करमणुकीसाठी सामने खेळत. तेथेही एकूण गुणसंख्येवर लहानसहान पैजा लागत आणि खेळाडूच्या हातावर काही डॉलर ठेवले जात. सवय अशीच लागते. पाणी आधी उंबऱ्याखालून येते.

जानेवारी १९५१ मध्ये मॅनहॅटन कॉलेजचा ज्युनिअस केलॉग या कृष्णवर्णीय खेळाडूस एक हजार डॉलरची लाच देऊ केली गेली. तोही गरीबच होता. त्याने ती नाकारली व आपल्या प्रशिक्षकास जाऊन सांगितले. तेथून धागा उलगडत गेला. १८ फेब्रुवारी १९५१ रोजी सिटी कॉलेजचा संघ फिलाडेल्फियाहून सामना जिंकून परतला, तेव्हा न्यूयॉर्क स्थानकावर रोमन, रॉथ व वॉर्नर यांस पोलिसांनी ताब्यात घेतले. लेन तेवढा निष्कलंक, असे समजून विद्यार्थ्यांनी त्यास खांद्यावर घेऊन मिरविले. थोड्याच दिवसांत त्यासही अटक झाली. त्याच्या खोलीतील फुलझाडाच्या कुंडीत २,८९० डॉलर दडविलेले होते. मिळाले होते तीन हजार. बहुतेक सारे तसेच पडून! ज्या पैशासाठी नाव गेले, तो पैसा खर्च करण्याचेही धैर्य त्या मुलास झाले नव्हते.

डॅमब्रॉट, मेगर व कोहेन धरून एकूण सात जण अडकले. आरोप होते ते नेहमीच्या हंगामातील काही सामन्यांविषयी; परंतु लोकांच्या दृष्टीने दोन्ही मुकुटांवर डाग पडावयाचा तो पडलाच. बहुतेकांच्या शिक्षा स्थगित झाल्या, वॉर्नरला मात्र तुरुंगवास भोगावा लागला. व्यावसायिक संघांची दारे सर्वांस कायमची बंद झाली. चौकशीत असेही निघाले की, काही खेळाडूंस प्रवेश मिळावा म्हणून त्यांच्या शाळेच्या गुणपत्रिकांत फेरफार केलेले होते. म्हणजे मुलांस पहिला धडा वडीलधाऱ्यांनीच दिला होता! आणि केंटकीचे काय? जुगारी आपल्या मुलांच्या वाऱ्यासही उभे राहू शकत नाहीत, अशा अर्थाची बढाई रप यांनी मारली होती. त्याच वर्षी त्यांचेही नामांकित खेळाडू पकडले गेले. ब्रॅडलीचेही. सात महाविद्यालयांचे बत्तीस खेळाडू या प्रकरणात सापडले. हात पुढे करणारे आणि तो नाकारणारे, दोघेही अखेर एकाच वाटेने गेले.

तथापि ही गोष्ट येथेही संपत नाही. डॅमब्रॉट दंतवैद्य झाला. रोमनने मानसशास्त्रात डॉक्टरेट मिळविली. लेन न्यूयॉर्कच्या गरीब वस्त्यांतील मुलांस खेळ शिकवीत राहिला; पुढे व्यावसायिक खेळात गाजलेला नेट आर्चिबाल्ड हा त्याच्याच देखरेखीखाली वाढला. आणि १९७४ साली सिटी कॉलेजने आपल्या संघाचा प्रशिक्षक म्हणून ज्याची नेमणूक केली, तो होता फ्लॉइड लेन! ज्या दारातून मान खाली घालून बाहेर पडला, त्याच दारातून तेवीस वर्षांनी तो आत आला व १९८८ पर्यंत तेथे मुलांस शिकवीत राहिला. ज्या कॉलेजने त्यास घालविले, त्यानेच त्यास परत बोलावले, हे उभयतांसही भूषणावह आहे.

ही हकिकत ऐकून नातू बराच वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "पण आजोबा, त्यांना कोणी विचारले नाही का, की पैसे कोठून आले?" या प्रश्नास माझ्यापाशी उत्तर नव्हते. आपण घरी आलेल्या मुलास विचारतो, "जिंकलात का? गुण किती झाले?" परीक्षेचा निकाल लागला की तेच विचारतो. आपणही परक्या भूमीत नव्याने उभे राहिलेले लोक. मुलांनी पुढे जावे, नाव काढावे, ही तळमळ आपणांस आहे व ती योग्यच आहे. परंतु हातात नवे घड्याळ दिसले तर ते कोठून आले, हेही तितक्याच मायेने विचारावयास हवे. केलॉगपाशी भीड सोडून बोलता येईल असा एक वडील माणूस होता. कदाचित सिटी कॉलेजच्या मुलांस तो वेळेवर सापडला नाही.

नातवाचा सामना दुसऱ्या आठवड्यात झाला. त्यांचा संघ सहा गुणांनी हरला. घरी आल्यावर त्याने बूट दारात नीट जोडून ठेवले, हात धुतले आणि जेवावयास बसला. या खेपेस मी त्यास गुण विचारले नाहीत. "खेळ कसा झाला?" एवढेच विचारले, आणि तो जेवण थंड होईपर्यंत सांगत राहिला.