चामड्याची कड घोटण्याची प्रक्रिया : साधने, लेपद्रव्ये आणि कारागिराचे श्रममूल्य

प्रस्तावना :
चर्मवस्तू विकत घेताना सामान्य ग्राहक तिचा पृष्ठभाग पाहतो. जाणकार मात्र प्रथम तिची कड पाहतो. पृष्ठभागावर रंग व ठसा देऊन चामड्याचे दोष झाकता येतात, कडेवर ते सहसा झाकले जात नाहीत. महाराष्ट्रात या दृष्टीने कोल्हापुरी चप्पल हे उत्तम उदाहरण होय. राजर्षी शाहू महाराजांच्या काळात उत्तेजन मिळालेल्या या व्यवसायास २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन प्राप्त झाले. त्यात महाराष्ट्रातील कोल्हापूर, सांगली, सातारा व सोलापूर या चार आणि कर्नाटकातील चार जिल्ह्यांचा समावेश आहे. जून २०२५ मध्ये मिलान येथे प्राडा या इटालियन कंपनीने तशाच घडणीची पादत्राणे सादर केल्यावर या कलेच्या मालकीविषयी मोठी चर्चा झाली. परंतु कलेची मालकी सांगण्यापूर्वी कलेतील ज्ञान कोणते, हे समजून घेणे आवश्यक ठरते. त्या ज्ञानाचा एक लहानसा परंतु महत्त्वाचा भाग म्हणजे कड घोटणे.

कड घोटण्यामागील तत्त्व :
चामडे हे कोलॅजेन तंतूंचे घट्ट विणलेले जाळे आहे. रापीने चामडे कापले की हे तंतू उघडे पडतात. उघड्या कडेतून पाणी व धूळ आत शिरते आणि अनेक थरांच्या तळव्यात थर सुटू लागतात. कड किंचित ओली करून घासली असता तंतू मऊ होतात, घर्षणाच्या उष्णतेने व दाबाने एकमेकांवर बसतात आणि वाळल्यावर त्याच स्थितीत राहतात.

हा गुणधर्म प्रामुख्याने बाभळीची साल, हिरडा यांसारख्या वनस्पतिजन्य द्रव्यांनी कमावलेल्या चामड्यात आढळतो. क्रोमने कमावलेले चामडे लवचिक असून दाब काढताच त्याचे तंतू पुन्हा उसळतात. म्हणून त्याच्या कडेवर रंगाचा थर चढवावा लागतो किंवा ती दुमडून शिवावी लागते. मात्र वनस्पतिजन्य चामडे उष्णतेस कमी टिकते. ओल्या अवस्थेत साधारणतः ७५ ते ८५ अंश सेल्सिअस तापमानास ते आकसू लागते. त्यामुळे यंत्रावर अतिवेगाने घासल्यास कड करपते व ठिसूळ होते.

साधने :
प्रथम रापीने कड सारखी केली जाते व तिचे टोकदार काने उतरविले जातात. त्यानंतर कानस किंवा पॉलिश पेपर वापरतात. आधी जाड, मग बारीक. घोटण्यासाठी कठीण लाकूड, शिंग वा हाड यांचे गुळगुळीत साधन घेतात आणि अखेरीस मांजरपाटासारखे जाड कापड फिरवितात. ओल्या कडेवर उघडे लोखंड टाळण्यास रासायनिक कारण आहे. चामड्यातील टॅनिनचा लोहाशी संयोग होऊन काळा डाग पडतो. हिरडा व लोहक्षार यांपासून काळी शाई होते, ती याच क्रियेमुळे.

लेपद्रव्ये :
केवळ पाण्यानेही कड बऱ्यापैकी घोटली जाते. पाणी जास्त झाल्यास मात्र ती फुगते व काळवंडते. डिंकाच्या पातळ द्रावणाने तंतू चिकटून राहतात. यासाठी जगभर इराणकडील ट्रॅगकांथ डिंक प्रसिद्ध असला, तरी कांडोळाचा डिंक त्याचा पर्याय म्हणून दीर्घकाळ वापरला गेला आहे. डिंकानंतर मधमाशीचे मेण घासून कापडाने चोळले असता कडेस चमक येते व पाणी काही प्रमाणात अडते. स्पिरिटमध्ये विरघळविलेली चपडा लाख अधिक चकाकी देते, परंतु वाकणाऱ्या भागावर तिला तडे जातात. क्रम येथे महत्त्वाचा आहे : रंग, पाणी व डिंक आधी आणि मेण शेवटी, कारण मेण बसलेल्या कडेत दुसरे काही मुरत नाही. कोणत्याही लेपाने चामडे पूर्णतः जलरोधक होत नाही, हेही लक्षात ठेवावयास हवे.

स्थानिक संदर्भ :
या द्रव्यांपैकी अनेक विदर्भास अपरिचित नाहीत. गोसीखुर्द परिसरातील बांधावरची बाभूळ आणि लाखेचा किडा ज्यावर पोसला जातो तो पळस, हे भंडारा जिल्ह्यातील शेतकऱ्यांच्या नित्य ओळखीचे वृक्ष आहेत. हिरडा व कांडोळ विदर्भाच्या वनांत आढळतात. वर्ध्याजवळील नालवाडी येथे १९३०च्या दशकात गोपाळराव वाळुंजकर यांनी चालविलेल्या चर्मालयाने ग्रामीण साधनांवर आधारित चर्मोद्योगाचा प्रयोगही केला होता. त्यामागे चर्मकामास चिकटलेली अस्पृश्यता दूर करण्याचा हेतू होता.

निष्कर्ष :
कड घोटण्यास भांडवल अल्प लागते. वेळ व हाताचा अंदाज मात्र मोठ्या प्रमाणात लागतो. ओलावा किती, दाब किती आणि थांबावे केव्हा, हे कारागीर बोटांनी ओळखतो. पदार्थविज्ञान व रसायनशास्त्र ज्या गोष्टींचे स्पष्टीकरण देतात, त्या चर्मकार समाजाने पिढ्यान्‌पिढ्या अनुभवातून सिद्ध केल्या. तरीही जातिव्यवस्थेने त्यांना ज्ञान न म्हणता हलके काम मानले. आजही वस्तूची किंमत ठरविताना चामडे मोजले जाते, कडेवर खर्च झालेला तास बहुधा मोजला जात नाही. महाविद्यालयांनी अशा कौशल्यांची पद्धतशीर नोंद करून ती अध्यापनात आणल्यास कारागीर हा केवळ सर्वेक्षणाचा विषय न राहता ज्ञानाचा दाता ठरेल. भौगोलिक मानांकन नावाचे संरक्षण करते. त्या नावामागील हाताचे मोल ठरविण्याचे काम मात्र समाजालाच करावे लागेल.