नदीचें खोरें आणि नकाशाची वीण

सोलापुरी चादर ज्या घरांत नाहीं असें कुटुंब आमच्या वाचकवर्गांत क्वचितच सांपडेल. तिच्यावरील फुलाची वळणदार कड जवळून पाहिली, तर ती लहान लहान पायऱ्यांची बनलेली दिसते. सूत जितकें जाड, तितक्या पायऱ्या मोठ्या. संगणकावर काढलेला नदीच्या खोऱ्याचा नकाशाही अशाच चौकोनी विणीचा असतो, आणि ती वीण जाड कीं बारीक ह्यावर पुराचें पाणी कोणाच्या उंबऱ्याशीं येणार ह्याचा अंदाज अवलंबून असतो. २०२५ च्या सप्टेंबरांत सीनेचा महापूर ज्यांनीं पाहिला, त्यांना ह्या अंदाजाचें मोल निराळें सांगावयास नको.

फेब्रुवारी २००० मध्यें एंडेव्हर नांवाच्या अमेरिकन अवकाशयानानें अकरा दिवसांत पृथ्वीच्या बहुतेक भूभागाची उंची रडारनें मोजली. आपल्या भागाची ती माहिती प्रथम मिळाली ती सुमारें ९० मीटर बाजूच्या चौकोनांत. ३० मीटरची मिळावयास आणखी कित्येक वर्षें गेलीं. ९० मीटरचा चौकोन म्हणजे दोन एकर रान, आणि त्यास उंचीचा आंकडा एकच! मधून वाहणारा दहा-पंधरा हातांचा ओढा त्या सरासरींत बुजून जातो. ३० मीटरचा चौकोन नऊ गुंठ्यांचा. त्यांत तो निदान डोकावतो तरी.

संगणक प्रत्येक चौकोनाचें पाणी भोंवतालच्या आठांपैकीं सर्वांत अधिक उताराच्या चौकोनाकडे लोटतो, आणि असें करीत करीत नदीची वाट व पाणलोटाची सीमा आंखतो. सह्याद्रीच्या उभ्या कड्यांवर जाड वीणही बरीचशी निभावते. सोलापूरकडील माळ मात्र सपाट. भीमा व सीना कित्येक मैल एकमेकींच्या सोबतीनें वाहत येऊन कुडलजवळ मिळतात. त्यांच्या मधल्या पट्ट्यांत दोन-तीन हातांच्या चढानें इकडचें पाणी तिकडे जातें. तो चढ नकाशांतून नाहींसा झाला, कीं शिवाराचें पाणी भलत्याच नदीच्या खातीं जमा! शिवाय मोठ्या चौकोनांत उतार सौम्य दिसतो, व पाणी येण्याची वेळ चुकते.

तर मग वीण बारीक घ्यावी, हें ओघानेंच आलें. पण येथें एक गंमत आहे. अगदीं बारीक नकाशांत रस्त्याचा किंवा रेल्वेचा भराव ठळक उमटतो, मात्र त्याखालची मोरी वरून दिसत नाहीं. संगणक त्या भरावास धरण समजून पाणी अडवून बसतो! मोरी कोठें आहे हें त्याला जागेवर जाऊन आलेल्या माणसानेंच सांगावें लागतें. रडारच्या मापांत झाडांचे शेंडेही जमिनींतच धरले जातात, आणि एकरुखच्या तलावाचा तळ न मोजतां पाण्याची पाठ मोजली जाते. उंचीच्या मापांतच कांहीं मीटरांची चूक असेल, तर चौकोन लहान केल्यानें ती लहान होत नाहीं.

ज्यांच्या भिंतीवर गेल्या पुराची रेघ अद्याप असेल, त्यांनीं रंगसफेदी करण्यापूर्वीं तिची जोत्यापासूनची उंची मोजून तारखेसह वहींत लिहून ठेवावी. नकाशा पडताळून पाहणारास असली रेघ फार उपयोगी पडते.