पहारेकरीच चोराचा भागीदार

ब्रह्मदेश म्हटला की आम्हा बौद्धांना १९५४ चे रंगून आठवते. जागतिक बौद्ध परिषदेसाठी बाबासाहेब तेथे गेले होते. त्याच देशात गेली काही वर्षे माणसांचा बाजार भरतो आहे आणि त्यात महाराष्ट्रातली पोरेही विकली गेली.

थायलंडच्या सीमेवर, मोई नदीच्या काठी म्यावाडी हे गाव. बँकॉकला संगणकावरची नोकरी आहे असे सांगून नेलेल्या तरुणांना नदीपार करून तेथील कुंपणबंद वसाहतींत डांबतात. पासपोर्ट हिसकावतात आणि जगभरच्या लोकांना इंटरनेटवरून लुबाडण्याचे काम करून घेतात. नकार दिला तर मारहाण, विजेचे झटके. सुटायचे तर खंडणी! म्यानमारमध्ये असे किमान १ लाख २० हजार लोक अडकले असावेत, असे संयुक्त राष्ट्रांच्या मानवाधिकार कार्यालयाने २०२३ मध्ये म्हटले होते.

तक्रार कोणाकडे करायची? खरी गोम इथेच आहे. या वसाहतींना संरक्षण देणारे सीमा रक्षक दल लष्कराच्याच अधिपत्याखाली २०१० मध्ये उभे राहिले. १ फेब्रुवारी २०२१ रोजी लष्कराने सत्ता बळकावली. त्यानंतर कित्येक पत्रकार, वकील तुरुंगात गेले, कित्येक परागंदा झाले. मग गुन्हेगाराचे नाव छापणार कोण आणि कोर्टात उभे राहणार कोण? (त्याच सेनापतींनी २०२३ मध्ये राजधानीत बुद्धाची प्रचंड संगमरवरी मूर्ती उभारली. माणसांचा व्यापार करू नये, हे तथागतांचे वचन त्यांना कोणी ऐकवले नसावे!)

मार्च २०२५ मध्ये हवाई दलाच्या विमानांनी ५४९ भारतीय परत आले. तिथल्या सेनापतींना आम्ही कोर्टात खेचू शकत नाही. इथल्या दलालाला मात्र खेचू शकतो. घटनेच्या कलम २३ ने मानवी व्यापार आणि वेठबिगारीला बंदी घातली आहे. पोलीस ठाण्यात 'पोरगा स्वतःच्या मर्जीने गेला' असे ऐकवले, तर भारतीय न्याय संहितेचे कलम १४३ दाखवा. त्यात पीडिताची संमती गैरलागू ठरवली आहे. नुसत्या फसवणुकीच्या कलमावर बोळवण करून घेऊ नका. दलालाचे मोबाईलवरचे निरोप, पैसे भरल्याच्या पावत्या जपून ठेवा. १९८३ च्या उत्प्रवासन कायद्याखाली त्याची नोंदणी आहे काय, हे पोराने विमानात पाऊल ठेवण्यापूर्वीच विचारा.