लघवीत जंतू सापडले, पण कारण सापडलं का?

म्हातारं माणूस तापानं फणफणलं आणि बरळू लागलं, की साजगावात काय नि खोपोलीत काय, ‘वात झाला’ म्हणतात. अंग फारसं तापलं नसेल, तर ‘म्हातारचळ’ म्हणून सोडूनही देतात. पण म्हातारचळ दोन दिवसांत लागत नाही. परवापर्यंत हिशेब सांगणारं माणूस आज नातवाला ओळखत नसेल, सकाळी बरं आणि रात्री भ्रमात असेल, तर मेंदूबाहेरचंच काही बिघडलेलं असण्याची शक्यता मोठी. रुग्णालयात लघवी तपासतात, जंतू निघतात आणि शोध तिथेच थांबतो. माझा आक्षेप या थांबण्याला आहे. उतारवयात, विशेषतः बायकांमध्ये, काहीही त्रास नसताना लघवीत जंतू असतात. महिनाभर लघवीची नळी असलेल्यांत तर जवळजवळ हमखास. म्हणूनच अमेरिकेतल्या संसर्गरोगतज्ज्ञांच्या संघटनेनं २०१९मध्ये सांगितलं, की ताप नाही, जळजळ नाही, रक्तदाब ठीक आहे, तर केवळ भ्रम आणि जंतू एवढ्यावर प्रतिजैविक देऊ नये, दुसरी कारणं शोधावीत.

यावर डॉक्टर म्हणतील, ताप असताना वाट पाहिली आणि रुग्ण हातचा गेला तर? हे खरंच आहे. ताप असेल, रक्तदाब उतरत असेल, तर रक्ताचे नमुने घेऊन औषध ताबडतोब सुरू करावं. मात्र ते फक्त लघवीपुरतं नसावं. खोपोलीभोवतीच्या भातखाचरांच्या या पट्ट्यात न्यूमोनियाबरोबर मलेरिया, लेप्टोस्पायरोसिस आणि स्क्रब टायफसही मनात हवेत. २०१८मध्ये विदर्भात स्क्रब टायफसची मोठी साथ आली होती. गवतातल्या बारीक किड्याच्या चाव्यानं तो होतो. चाव्याच्या जागी सिगारेटच्या चटक्यासारखी काळी खपली धरते, पण ती दुखत नाही, सगळ्यांना येतही नाही, आणि काखेत, जांघेत, स्तनांखाली लपते. भ्रमातली आजी ती दाखवणार नाही. लुगडं बाजूला करून कुणीतरी पाहायला हवं. एरवी सर्रास दिलं जाणारं सेफ्ट्रिॲक्सोन या रोगावर चालत नाही, डॉक्सिसायक्लिन चालतं.

उलट, गंभीर संसर्गातही वृद्धांना ताप न येणं नवलाचं नाही, आणि भ्रमातला प्रत्येक जण आरडाओरडा करत नाही. गप्प पडून राहिलेला रुग्णच अधिक निसटतो. म्हणून भ्रमाचं कारण शोधताना रक्तातलं सोडियम, साखर, तुंबलेली लघवी, बद्धकोष्ठ पाहायचं आणि गोळ्यांची पिशवी पलंगावर रिकामी करायची: झोपेची कुठली, सर्दीची कुठली, आणि यातली कुठली गेल्या आठवड्यातच सुरू झाली?