निनावी चित्रकाराचें देशाटन

साहित्यसंमेलनाच्या मंडपांत एखाद्या लेखकाभोंवतीं स्वाक्षरीच्या वह्या घेऊन उभी राहिलेली गर्दी आपणां सर्वांच्या परिचयाची आहे. ज्याच्या पुस्तकानें आपली रात्र जागविली तो माणूस दिसतो कसा, बोलतो कसा, हें एकदां डोळ्यांनीं पाहावें, अशी इच्छा त्या गर्दीच्या मुळाशीं असते. अमेरिकेंत चित्रकथांचे, म्हणजे तिकडे ज्यांना 'कॉमिक' म्हणतात त्या चित्रमय गोष्टींचेही, असे मेळावे भरतात. १९६४ च्या सुमारास न्यू यॉर्क, डेट्रॉइट इत्यादि शहरीं त्यांचा प्रारंभ झाला. सॅन डिएगो येथील मेळावा १९७० सालीं सुरू झाला, तेव्हां तेथें सुमारें तीनशें माणसें जमलीं होतीं. पुढें तोच मेळावा लाखाहून अधिक लोकांचा झाला. २०११ पासून ही प्रथा आपल्या देशांतही आली आहे. जुन्या अंकांची खरेदीविक्री, चित्रकारांचीं भाषणें, प्रश्नोत्तरें, लिलांव आणि अर्थात् स्वाक्षऱ्या, असा तेथील कार्यक्रम असतो. चित्रविचित्र वेष करून हिंडणारी तरुण मंडळी पाहून एखाद्या वडीलधाऱ्या माणसाला हा सारा पोरखेळ वाटला, तर त्यांत नवल नाहीं. परंतु या पोरखेळाला एक गंभीर बाजू आहे. साहित्यसंमेलनांत लेखकाचें नांव आधीं ठाऊक असतें व दर्शन मागाहून घडतें. चित्रकथांच्या बाबतींत कित्येकदां वाचकांना नांवच ठाऊक नसे. तें त्यांना स्वतः हुडकून काढावें लागे, आणि मग त्या नांवाच्या माणसाला घराबाहेर आणावें लागे. कार्ल बार्क्स या अमेरिकन चित्रकाराची हकीकत अशीच आहे.

बार्क्स यांचा जन्म २७ मार्च १९०१ रोजीं ओरेगॉन राज्यांतील मेरिल गांवाजवळ एका शेतकऱ्याच्या घरीं झाला. शेजार विरळ, शाळा दूर, त्यांतच लहानपणीं निघालेल्या गोंवरानें कानांना अधूपणा आलेला. पंधराव्या वर्षाच्या सुमारास आई वारली व शिक्षण सुटलें. पुढें शेतकाम, लांकूडतोड, खेंचरें हांकणें, छापखान्यांतील मजुरी, असे नाना उद्योग त्यांनीं केले व मधूनमधून विनोदी चित्रें काढून विकलीं. १९३५ सालीं, वयाच्या चौतिसाव्या वर्षीं, ते वॉल्ट डिस्ने यांच्या चित्रपटसंस्थेंत अगदीं खालच्या पायरीवर नोकरीस लागले. सात वर्षांनीं ती नोकरी सोडून ते खेड्यांत राहावयास गेले. पुढें बदकांवर कीर्ति मिळविणाऱ्या या गृहस्थांचा त्या वेळीं कोंबड्या पाळण्याचा बेत होता! परंतु डिस्नेचीं पात्रें घेऊन मासिकें काढणाऱ्या एका प्रकाशनसंस्थेनें त्यांना डोनाल्ड या बदकाच्या गोष्टी रचण्याचें व चितारण्याचें काम दिलें, आणि कोंबड्या मागें पडल्या.

हें काम बार्क्स यांनीं १९६६ पर्यंत, म्हणजे जवळजवळ चोवीस वर्षें केलें. सुमारें ५०० कथा आणि सहा हजारांहून अधिक पानें एवढा त्यांचा संसार आहे. डोनाल्डचा कवडीचुंबक, कोट्यधीश काका स्क्रूज मॅकडक हें पात्र त्यांचेंच. तें डिसेंबर १९४७ च्या कथेंत प्रथम अवतरलें. या कथा केवळ मुलांना हंसविण्यासाठीं लिहिलेल्या नाहींत. लोभ, दैव, फजिती आणि त्या फजितींतूनही पुन्हां उठून उभें राहण्याची मनुष्याची खोड यांचें इतकें मार्मिक दर्शन पुष्कळ प्रौढ कादंबऱ्यांतही आढळत नाहीं. शिवाय त्यांची बदकें सतत प्रवासाला निघतात. कधीं अँडीज पर्वतांत, कधीं सुवर्णशोधकांच्या क्लोंडाइकमध्यें, तर कधीं इराणच्या वाळवंटांत. १९४७ सालच्या एका कथेंत तर डोनाल्ड हिंदुस्थानांत येऊन महाराजा होतो. येथील खरे महाराजे पदच्युत होण्याच्या बेतांत होते त्याच सुमारास हें घडावें, हा योगायोग मोठा मजेदार आहे. हे सारे देश बार्क्स यांनीं पाहिले होते ते 'नॅशनल जिऑग्राफिक' मासिकाच्या जुन्या अंकांत. स्वतः ते आपल्या टेबलापासून फारसे हललेच नाहींत.

१९५० नंतरच्या वर्षांत या बदकांच्या मुख्य मासिकाचा खप दरमहा तीस लाख प्रतींच्या घरांत गेला होता. एवढ्या वाचकांपैकीं बार्क्स यांचें नांव मात्र कोणालाच ठाऊक नव्हतें. प्रत्येक अंकावर वॉल्ट डिस्ने हें एकच नांव असे. सामान्य लोकांची समजूत अशी कीं, हीं सर्व चित्रें डिस्नेसाहेब स्वतःच काढतात. चित्रकाराला पानामागें ठरलेला मोबदला मिळे. पुनर्मुद्रणें झालीं, परदेशी भाषांतरें झालीं, तरी त्याचा एक डॉलरही त्याच्या हातीं येत नसे. मूळ चित्रें प्रकाशकांकडे राहत, आणि जागा अडते म्हणून त्यांतील बहुतेक नष्ट करण्यांत आलीं. कायद्याच्या दृष्टीनें यांत कांहीं गैर नव्हतें, व बार्क्स यांनीं त्याबद्दल फारशी कुरकूर केल्याचेंही दिसत नाहीं. पण वाचकाचें मन कायद्याच्या कलमांनीं चालत नाहीं. बदकांच्या कथा अनेक चित्रकार काढीत असत. त्यांतील एकाचा हात निराळा आहे, हें कांहीं चाणाक्ष मुलांनीं ओळखलें. डोळ्यांतील भाव, पार्श्वभूमींतील बारकावे, कथेची बांधणी यांवरून तीं त्याच्या कथा अचूक वेगळ्या काढीत, आणि नांव ठाऊक नसल्यामुळें त्याला 'बदकांचा चांगला चित्रकार' म्हणत. आपल्याकडे जुन्या पोथ्यांतील ओव्यांवरून कवीचा शोध घेणारे संशोधक असतात. या पोरांचा उद्योग त्याच जातीचा होता.

अखेर १९६० सालीं अशा एका वाचकानें प्रकाशकांकडून नांव-पत्ता मिळविला व बार्क्स यांना पत्र लिहिलें. बार्क्स यांचें वय तेव्हां साठीला टेकलें होतें. आपलें काम कोणी इतक्या आस्थेनें वाचीत असेल यावर त्यांचा विश्वासच बसेना. थट्टेखोर म्हणून प्रसिद्ध असलेल्या एका जुन्या सहकाऱ्यानें ही चेष्टा केली असावी, असा त्यांना संशय आला. अठरा वर्षें लाखो घरांत वाचल्या जाणाऱ्या लेखकाला पहिलें कौतुकाचें पत्र खोटें वाटावें, यावरून त्या धंद्यांतील एकांत किती गाढ होता याची कल्पना येते.

एका पत्रामागून दुसरें आलें, मग माणसें घरीं येऊं लागलीं. संग्राहकांना या चित्रकाराच्या हातचें कांहींतरी हवें होतें. पण मूळ पानें तर उरलींच नव्हतीं. तेव्हां त्यांनीं बदकांचीं तैलचित्रें काढण्याचा आग्रह धरला. बार्क्स यांच्या पत्नी गारे या निसर्गचित्रकार होत्या. एका हातानें अधू असूनही पतीच्या कथांतील अक्षरें त्या लिहीत व पार्श्वभूमीची शाईही भरीत. त्यांचीं चित्रें स्थानिक प्रदर्शनांत विकलीं जात, आणि त्यांच्या संगतींत बार्क्सही कुंचला हातीं घेऊं लागले होते. १९७१ सालीं डिस्ने कंपनीनें बदकें रंगविण्याची परवानगी दिली. पहिलें चित्र १५० डॉलरांना गेलें. थोड्याच काळांत मागणी इतकी वाढली कीं, गिऱ्हाइकांना वर्षानुवर्षें वाट पाहावी लागे.

१९७६ सालीं बार्क्स पतिपत्नी बॉस्टन येथील मेळाव्याला गेले. असा मेळावा पाहण्याची त्यांची ही पहिलीच वेळ, वय पंचाहत्तर. तेथें त्यांची भेट जॉन स्टॅन्ली यांच्याशीं झाली. 'लिटल लुलू' या खट्याळ मुलीच्या गोष्टी वर्षानुवर्षें लिहिणारे ते हेच. दोघेही एकाच प्रकाशनसंस्थेचे लेखक, एकाच काळांतले, सारख्याच मोलाचे, आणि सारखेच निनावी. एक पश्चिम किनाऱ्यावर बसून लिही, दुसरा पूर्वेला. वाचकांनीं बोलावीपर्यंत त्यांनीं एकमेकांचें तोंडही पाहिलेलें नव्हतें. संस्थेनें जी गांठ इतक्या वर्षांत घालून दिली नाहीं ती जुने अंक जमविणाऱ्या पोरांनीं घालून दिली. मेळाव्यांची थट्टा करणाऱ्यांनीं एवढी एक गोष्ट लक्षांत घ्यावी.

त्याच मेळाव्यांत बार्क्स यांच्या एका मोठ्या तैलचित्राचा लिलांव झाला. बदकांच्या नगरींतील स्वातंत्र्यदिनाची मिरवणूक हा त्याचा विषय. रस्त्यावरच्या गर्दींत चित्रकारानें आपल्या कांहीं रसिक स्नेह्यांचे चेहरे रंगविले होते. आपल्याकडे देवळाच्या भिंतीवर दात्याचें चित्र काढतात, त्यांतलाच हा प्रकार. चित्राला ६,४०० डॉलर आले. बार्क्स यांच्या चित्राला तोंवर इतकी किंमत कधींच आली नव्हती.

परंतु प्रेमाची ही बाजारपेठ धोक्याचीही असते. कोणा एका गृहस्थानें बार्क्स यांच्या एका चित्राच्या प्रती परवानगीवांचून छापून विकल्या. कंपनीनें १९७६ सालींच बदकें रंगविण्याची मोकळीक काढून घेतली. अपराध एकाचा आणि शिक्षा दुसऱ्याला! आपणच निर्माण केलेल्या स्क्रूजकाकाचें चित्र काढण्यास पंचाहत्तर वर्षांच्या चित्रकाराला मज्जाव झाला. ते मग पुराणकथांतील राजेराण्या रंगवूं लागले. त्या चित्रांतही पक्षी आहेत, पण ते डोनाल्डच्या कुळांतले नव्हेत. कांहीं वर्षांनीं हा मज्जाव उठला तोही रसिकांच्याच खटपटीनें. चाहत्यांपैकीं कांहींजण स्वतः प्रकाशक झाले, त्यांनीं कंपनीकडून रीतसर परवाना मिळविला, १९८१ सालीं तैलचित्रांचा भव्य ग्रंथ काढला आणि पुढें बार्क्स यांच्या साऱ्या कथा तीस जाड खंडांत, त्यांच्या नांवानिशीं, प्रसिद्ध केल्या.

एवढें झालें तरी खरें देशाटन राहिलेंच होतें. अमेरिकेंत या मासिकांचा खप पुढें ओसरला. युरोपांत मात्र तो टिकून राहिला. तिकडे हें बदक नियतकालिकांतून घरोघर जाई. नॉर्वे व स्वीडन येथें १९४८ पासून, डेन्मार्कांत १९४९ पासून, जर्मनी व फिनलंड येथें १९५१ पासून. डेन्मार्कांत त्याचें नांव अँडर्स अँड, स्वीडनमध्यें काले आंका, फिनलंडांत आकू आंक्का, तर इटलींत पापेरिनो. जर्मनींत एरिका फुक्स या विदुषीनें भाषांतरांत अभिजात जर्मन काव्याचे संदर्भ इतक्या खुबीनें पेरले कीं, तिकडचे सुशिक्षित लोक बदकांची भाषा आवडीनें बोलण्यांत वापरतात. बापानें वाचलेली कथा मुलानें वाचावी, आणि त्याच्या मुलानेंही, अशा तीन पिढ्या तेथें झाल्या.

गारे १९९३ सालीं निवर्तल्या. दुसऱ्याच वर्षीं, १९९४ च्या उन्हाळ्यांत, त्र्याण्णव वर्षांचे बार्क्स युरोपास निघाले. सुमारें दोन महिन्यांत त्यांनीं अकरा देश पाहिले. डेन्मार्क, नॉर्वे, स्वीडन, फिनलंड, जर्मनी, इटली हे त्यांतले कांहीं. ज्या माणसानें वर्षानुवर्षें आपल्या पात्रांना पृथ्वीप्रदक्षिणा करविली, त्यानें युरोपच्या भूमीवर पाऊल ठेवलें तें असें. कान जवळजवळ निकामी, भाषा परकी. तरी समोर ठेवलेल्या अंकावर ते शांतपणें सही करीत. रांगेंत मुलें होतीं, तशीं पांढऱ्या केंसांचीं माणसेंही होतीं.

त्या दौऱ्यानंतर ते ओरेगॉनमधील ग्रँट्स पास या गांवीं आपल्या घरीं परतले. तेथें लोक भेटीस येत राहिले आणि त्यांचा चित्रें काढण्याचा क्रमही चालू राहिला. २५ ऑगस्ट २००० रोजीं, शंभरी पुरी होण्यास सात महिने उरले असतां, ते त्याच घरीं वारले.