कच्चे लिंबू आणि न्यायबुद्धी

बालकाला नीतीची समज कोठून येते? वडीलधाऱ्यांच्या आज्ञेतून, की सवंगड्यांच्या सहवासातून? हा प्रश्न मानसशास्त्राइतकाच शिक्षणशास्त्राचाही आहे; कारण 'संस्कार' या शब्दाचा अर्थ त्याच्या उत्तरावर अवलंबून आहे. त्याचा विचार मुलांच्या खेळांवरूनही करता येतो.

कोल्हापुरातील राजारामपुरी ही क्रमांकांनी ओळखल्या जाणाऱ्या गल्ल्यांची वस्ती. तेथील एखाद्या गल्लीत सायंकाळी लपंडाव रंगला असता एखादे धाकटे भावंड खेळात येण्याचा हट्ट धरते. मोठी मुले त्याला 'कच्चे लिंबू' म्हणून घेतात. ते लपते, पळते, ओरडते. परंतु सापडले तरी त्याच्यावर राज्य येत नाही. महाराष्ट्रात सर्वत्र परिचित असलेली ही रीत कोणत्याही शाळेत शिकविली जात नाही. तरीही नियम, अपवाद, संमती आणि अनुकंपा ही नीतिविचाराची अंगे तीत एकत्र आलेली आहेत.

स्विस मानसशास्त्रज्ञ झाँ पियाजे यांनी १९३२ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात हाच मार्ग अवलंबिला होता. जिनीव्हा व नूशातेल येथील मुले गोट्या कशा खेळतात आणि खेळाचे नियम कोणी केले असे मानतात, हे त्यांनी मुलांनाच विचारले. लहान मुलांच्या मते नियम थोरांकडून आलेले असून ते बदलणे गैर होते; दहा-अकरा वर्षांच्या सुमारास मात्र सर्वांची संमती असेल तर नियम बदलता येतो, ही जाणीव दिसू लागते. पहिलीस परायत्त आणि दुसरीस स्वायत्त नीती म्हणता येईल. चुकून १५ पेले फोडणारा मुलगा आणि खाऊ चोरताना एकच पेला फोडणारा मुलगा यांतील अधिक दोषी कोण, या प्रश्नावर लहान मुले बहुधा नुकसान मोजतात, तर मोठी मुले हेतू पाहतात.

न्यायाच्या कल्पनेचाही पियाजे यांनी असाच क्रम लावला. सात-आठ वर्षांपर्यंत थोरांची आज्ञा हाच न्याय. त्यानंतर सर्वांना काटेकोर समान वाटा. आणि अकरा-बारा वर्षांच्या सुमारास परिस्थिती पाहून केलेला समन्याय. 'त्याच्यावर राज्य का नाही?' ही तक्रार दुसऱ्या अवस्थेतील होय, आणि 'तो लहान आहे' हे उत्तर तिसऱ्या अवस्थेतील. तथापि गल्लीतील खेळात ही दोन्ही वाक्ये एकाच वेळी ऐकू येतात. अवस्थांच्या सीमा ग्रंथात दिसतात तितक्या रेखीव नसतात, हे यावरून लक्षात यावे.

पुढील संशोधनानेही हेच सुचविले. प्रश्न सोप्या रीतीने मांडल्यास अगदी लहान मुलेही हेतूची दखल घेतात, असे आढळून आले. इलियट टुरिएल व त्यांच्या सहकाऱ्यांनी तीन-चार वर्षांच्या मुलांतही एक महत्त्वाचा विवेक दाखविला. बाईंनी परवानगी दिली तर ठरलेल्या जागी न बसणे चालेल, असे मुले म्हणतात. परंतु परवानगी मिळाली तरी दुसऱ्यास मारणे चालेल, असे ती म्हणत नाहीत. संकेत आणि नीती यांतील हा भेद खेळातही दिसतो. आज कितीपर्यंत अंक मोजावयाचे हे मुले सहज बदलतात. रडी खाणाऱ्याला मात्र क्षमा नसते.

हा भेद सर्व समाजांत एकाच ठिकाणी पडतो, असे मात्र नव्हे. रिचर्ड श्वेडर व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८७ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात भुवनेश्वर येथील मुले आणि शिकागोमधील मुले यांची तुलना केली. वडिलांच्या मृत्यूच्या दुसऱ्याच दिवशी मुलाने केस कापून कोंबडी खाणे, हे भुवनेश्वरच्या मुलांना अत्यंत गंभीर पाप वाटले. शिकागोच्या मुलांना तसे वाटले नाही. कोणती गोष्ट केवळ रीत आणि कोणती नीती, हे मूल ज्या घरात वाढते तेथेही ठरत असते. म्हणूनच घराची शिकवण आणि सवंगड्यांची शिकवण यांपैकी एकच खरी मानणे योग्य नव्हे.

तरीही सवंगड्यांच्या शिकवणीत एक विशेष आहे. आज्ञा देणाऱ्याशी मूल वाद घालू शकत नाही. बरोबरीच्या मुलाशी ते घालू शकते, आणि वाद मिटला नाही तर डाव मोडतो. डाव चालू राहावा ही इच्छाच त्याला दुसऱ्याची बाजू ऐकावयास लावते. खेळातील प्रत्येक तंटा मोठ्यांनी तत्काळ मिटविला, तर ही संधीच नाहीशी होते. वाहनांच्या वर्दळीमुळे गल्ल्यांतील मोकळी जागा आकसली असताना हा विचार अधिक निकडीचा ठरतो. कोल्हापुरातच लीलाताई पाटील यांनी १९८५ साली सुरू केलेल्या सृजन आनंद विद्यालयासारख्या प्रयोगांनी मुलाच्या स्वतःच्या अनुभवास शिक्षणात स्थान दिले. नीतिपाठांच्या तासाबरोबर मुलांनी आपले तंटे आपणच सोडविण्यास अवकाश देणे, हे त्याच दिशेचे पाऊल होय.

कच्च्या लिंबाची कथा येथेच संपत नाही. एके दिवशी ते मूल स्वतःच म्हणते, 'मला कच्चे लिंबू करू नका. माझ्यावरही राज्य येऊ द्या.' मिळालेली सवलत ते आपण होऊन परत करते, कारण सवलतीत बरोबरीचा मान नसतो हे त्याला उमगलेले असते. नियम आपल्यालाही लागू व्हावा, अशी ही मागणी कोणाच्या आज्ञेवरून केलेली नसते. नीतिशिक्षणाचा विचार करणाऱ्याने तिची नोंद अवश्य घ्यावी.